डाव्या बाजूचा रॅम्प

३ मार्च, मंगळवार

डावा रॅम्प कापायला घेतला आणि ग्राइंडरची चकतीच फुटली. सुरुवातच अशी!

पण ठरलं ते ठरलं — ट्रेलरचे दोन्ही रॅम्प आता मी माझ्या पद्धतीने करणार. दादाने बनवलेले रॅम्प जेमतेम सहा फूट, त्यामुळे चढ उभा. बारा दिवसांपूर्वी खोदाईचं मशीन ट्रेलरवर चढवताना डाव्या रॅम्पचा हूक ट्रेलरच्या कडेवरून सुटला, मशीन कलंडलं आणि दादाने उडी मारली. मनगट मोडलं. मशीनवर एक ओरखडा नाही. हे मला माहीत, कारण मी आधी मशीनकडे धावलो होतो. बायकोला हे सांगितलेलं नाही.

शिवाय दादावरच ओरडलो. बंगल्याच्या मालकासमोर, त्याच्या सगळ्या गवंड्यांसमोर. "डोळे कुठे होते तुझे? झेपत नसेल तर घरी बस ना!" दादा मोडका हात दुसऱ्या हातात धरून नुसता उभा राहिला.

मशीनची किल्ली तेव्हापासून माझ्या खिशात आहे. एकवीस वर्षं दादा मशीनवर आणि मी खाली उभा राहून हातवारे करणार — डावीकडे घे, जरा मागे, बस बस! आता मी बसणार. दादाला अजून सांगितलेलं नाही.

५ मार्च, गुरुवार

दोन्ही रॅम्प दीड-दीड फूट वाढवले. चढ छान झाला, पण वजन! एक टोक उचललं आणि कंबरेतून कळ आली. ठेवायलाही जागा नाही, आडवे ठेवले तर मागचा लाल दिवा झाकला जातो.

वेल्डर हसत होता. आम्ही त्याला ठिणगी म्हणतो, खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवत नसेल. "मालक, मशीन चढेल हो आरामात. पण रॅम्प लावायला एक क्रेन लागेल." माझं काम करतो आणि मलाच हसतो!

६ मार्च, शुक्रवार

वाढवलेले तुकडे परत कापून टाकले. तीन दिवस पाण्यात.

९ मार्च, सोमवार

दादाकडे गेलो होतो. हात गळ्यात अडकवलेला, डाव्या हाताने चहा पीत होता, अर्धा बशीत.

"रॅम्पचं काय चाललंय?" म्हणाला.

"नीट करतोय. आधीचे धड नव्हतेच."

"बरं."

मग एका दमात सांगून टाकलं. प्लास्टर निघालं तरी मशीनवर मीच बसणार, तू खाली थांबायचं. वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती, तिचे हात थांबले. "भावोजी, एकवीस वर्षांत एकदा झालं हो!" मी म्हटलं, एकदाच पुरतं, वहिनी.

दादाने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "बस तू. पण पहिल्यांदा चढवशील तेव्हा मला बोलाव. मी येतो."

म्हणजे आता हा एका हाताने माझी परीक्षा घेणार! "बघू" म्हणून उठलो. जिना उतरताना नुसती चिडचिड होत होती. भांडला असता, चार शिव्या घातल्या असत्या, तर मीही मोकळा झालो असतो. हे "बरं" आणि "बस तू" घेऊन माणसाने काय करायचं?

१० मार्च, मंगळवार

हुकांची टोकं एकेक इंच वाढवली, म्हणजे सुटायला नको. तर आता ते ट्रेलरच्या कडेवर बसेनात! घणाने ठोकून बसवले — तर निघेनात! शेवटी कापूनच काढले.

घरी आल्यावर ताटावर बसून हीच कथा लावली. बायको म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं." मी म्हटलं, अंगण खरंच वाकडं आहे, दादाने बांधलंय. ती उठून आत गेली.

१३ मार्च, शुक्रवार

हूक जुन्याच मापाचे केले. हूक आणि कडेतून आरपार भोक पाडून जाड लोखंडी खिट्टी घातली. मशीनच्या फिरत्या पट्ट्यांना पकड मिळावी म्हणून रॅम्पवर आडव्या सळयाही मारल्या. ठिणगी दहा वेळा म्हणाला, "पुरे करा, मालक." आता हत्ती चढवा!

परवा चढवणार. दादाला बोलावणार नाही. एकदा चढवून दाखवतो, मग ये म्हणावं बघायला.

१५ मार्च, रविवार

सुटला.

डावाच. खिट्टी काडीसारखी तुटली. मी वर होतो. मशीन निम्म्यावर आलं आणि डावीकडून कुणीतरी जमीनच काढून घेतल्यासारखं झालं. आकाश तिरकं झालं. उडी मारायचंही सुचलं नाही, दोन्ही दांडे घट्ट धरून बसलो. नशीब, मशीन मागे घसरत येऊन सरळ जमिनीवर बसलं.

दादाने निदान उडी तरी मारली. आणि मी त्याला काय म्हणालो होतो — डोळे कुठे होते?

घरी सांगितलं नाही. जेवलो नाही, पोट बिघडलंय म्हणालो.

१६ मार्च, सोमवार

दिवसभर रॅम्पसमोर बसून होतो. मापं घेतली, परत घेतली. डाव्या-उजव्यात सुताचाही फरक नाही. मग डावाच का? मेंदूचा भुगा झाला!

१७ मार्च, मंगळवार

ठिणगीला बोलावलं. म्हटलं, दोन्ही भंगारात घाल, नवे बनव.

त्याने रॅम्पकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ ट्रेलरच्या शेपटीखाली पोटावर सरपटत गेला. शेपटीला खालून दोन लोखंडी टेकू आहेत, मशीन चढताना ट्रेलर दबू नये म्हणून. आतूनच ओरडला, "मालक, या डाव्या टेकूखालची फळी कुठंय?"

"कसली फळी?"

"दादा सरकवायचे ती. माझ्या दुकानात आला होता ट्रेलर तेव्हा बघितलंय मी. हा टेकू आखूड आहे ना चांगला इंचभर. फळी नसली की शेपूट दबणार, शेपूट दबली की हूक सुटणार. रॅम्प बिचारा काय करेल?"

मी तिथेच, सळयांच्या ढिगावर, बसलो.

तो टेकू मी बनवलाय. मागच्या वर्षी जुना वाकला म्हणून कापला आणि नवीन पाय जोडला. माप न घेता, नजरेने. ट्रेलरची डावी बाजू नेहमी दादा लावतो, उजवी मी. म्हणजे वर्षभर तो माझ्या चुकीखाली फळी सरकवत राहिला आणि "तुझा टेकू आखूड झालाय" असं एकदाही म्हणाला नाही.

आणि फळी? अपघाताच्या आदल्या दिवशी ट्रेलर धुताना मीच फेकली. चिखलाने माखलेलं लाकूड, म्हटलं कशाला हा कचरा. दुसऱ्या दिवशी दादा मशीन घेऊन येत होता, मला घाई, म्हणून दोन्ही बाजू मीच लावल्या.

दोन आठवडे रॅम्प कापतोय, जोडतोय, कापतोय. टेकूकडे ढुंकून बघितलं नाही. रॅम्प दादाने बनवलेले होते आणि टेकू मी, एवढंच कारण. दुसरं काही नाही.

उद्या जाऊन सांगायचं आहे.

१८ मार्च, बुधवार

किल्ली दादासमोर ठेवली. टेकू, फळी, रविवारचं — सगळं सांगितलं. रविवारचं ऐकून तेवढा दचकला. "तुला म्हटलं होतं ना, मला बोलाव! फळी आणणार होतो मी."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"खाली पडलो तेव्हाच दिसलं. टेकू अधांतरी होता."

"मग त्याच वेळी बोलला का नाहीस? मी एवढा ओरडत होतो!"

"तिथं?" दादा म्हणाला. "सगळ्यांसमोर?"