मुंगीसाठी चाचणी निवडताना

४ फेब्रुवारी

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला. कारण काही नाही, लिहायचं राहून गेलं. तुमची धाकटी बहीण जाऊन परवा सात महिने झाले, तेही कॅलेंडरकडे लक्ष गेलं म्हणून कळलं. आम्ही दोघं बापलेक बरे आहोत. मुंगी सकाळी नऊला तिच्या टेबलाशी बसते, मी कारखान्यात जातो. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणकाकू तासातासाला वर येऊन बघून जातात.

कारखान्यात चष्म्याच्या काचा घासणं पूर्वीसारखंच चालू आहे. गेल्या महिन्यात माझ्या हातून तीन चष्म्यांत उजवी काच डावीकडे बसली. गिऱ्हाइकं परत आली. मालकांनी त्या काचा स्वतः बदलून दिल्या.

लिहायचं कारण वेगळं. शिक्षण खात्याचं पत्र आलंय. घरी शिकणाऱ्या मुलाला अकरावं वर्ष संपायच्या आत खात्याला मान्य असलेली एक चाचणी द्यावी लागते. शंभर मुलांत निदान तेवीस मुलं तरी आपल्या मागे हवीत. नसली तर घरी शिकवायची परवानगी संपते आणि मुलाला शाळेत घालावं लागतं. चाचण्या तीन आहेत. त्यांतली कोणती, ते एक मार्चच्या आत कळवायचं आहे.

पहिली मोठ्या सभागृहात, घड्याळ लावून, उत्तराचं वर्तुळ काळं करायची. दुसरी घरी, वेळेचं बंधन नाही, पण समोर कुणी पदवीधर बसलेला हवा, आणि तो आई किंवा वडील नको. तिसरी संगणकावर. त्यात उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड येतो म्हणे.

अभ्यासाचं हे सगळं तुमच्या बहिणीचं खातं होतं. मी फक्त वह्यांना कव्हरं घालायचो. तिन्ही माहितीपत्रकं वाचली. वाचून झाल्यावर काय वाचलं ते आठवेना, म्हणून पुन्हा वाचली. मुंगीचा अभ्यास कुठवर आलाय तेही मला नीट माहीत नाही. विचारलं की चाललाय म्हणते. तुम्ही तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंत. तुम्हीच सांगा.

लोभ आहे तसाच असू द्यावा.
आपला,
काचवाला (नाव तुम्हीच ठेवलेलं)


११ फेब्रुवारी

श्री. काचवाले भाऊजी यांस,
स. न. वि. वि.

पत्र पोचलं. पाणी बंद राहणार असल्याची नोटीस वाचतेय असं वाटलं, पण आलं हे बरं झालं. माझे गुडघे कुरकुरतात आणि मी त्यांच्यावर कुरकुरते. आमचं बरं चाललंय.

चाचण्यांबद्दल. पहिली चाचणी मूल किती जाणतं ते कमी आणि किती घाईनं जाणतं ते जास्त मोजते. मुंगी दोन पायऱ्या उतरायच्या तरी आधी मोजून घेते. तिला घड्याळासमोर बसवू नका. तिसरीत गंमत अशी की हुशार मुलाचीही जवळजवळ निम्मी उत्तरं चुकतात, कारण बरोबर आलं की यंत्र आणखी वर चढवतं. मूल उठतं ते आपलं सगळं चुकलं असं वाटून. माहितीपत्रकाच्या शेवटी बारीक अक्षरात एक ओळ असेल, कोणत्या वर्षीच्या मुलांशी तुलना केली आहे ती. मुलं पंधरा वर्षांपूर्वीची असतील तर त्या आकड्यावर भरवसा नको.

दुसरी घ्या. घरातलंच टेबल, दोन सकाळी, आणि दमली तर मध्ये पाणी पिऊन यायची मुभा. पदवीधर म्हणून मी येते. मावशी चालते का ते तेवढं खात्याला विचारून घ्या.

एक सांगून टाकते. मुंगीला शाळेच्या दुसरीतून काढून घरी शिकवायचं ठरलं तेव्हा मी माझ्या बहिणीला नको ते बोलले होते. अकरा महिने आमचा अबोला होता. कोण बरोबर होतं ते मला आता उकरायचं नाही. तिनं सुरू केलेलं चालू राहावं, एवढंच.

वेळेवर जेवत जा, आणि अधूनमधून चार ओळी टाकत जा.
तुमची,
ताई


१६ फेब्रुवारी

ती. मावशीस,
शि. सा. न.

हे पत्र बाबांना दाखवलेलं नाही. पाकीट शिंपीणकाकूंकडून घेतलं. त्यांनी कशाला ते विचारलं नाही, पण जीभ लावून त्यांनीच चिकटवलं.

माझा एक प्रश्न आहे. गणिताच्या भागात साठ प्रश्न आहेत. शंभरात तेवीस मुलं मागे असावी लागतात. तर त्याच्या खाली जायला साठातले किती चुकवावे लागतील? मी करून बघितलं, पण ती शंभर मुलं कशी आहेत ते माहीत नसल्यामुळे सुटत नाही. तू तीस वर्षं मुलं बघितली आहेस. आणि सगळे चुकवले तर मुद्दाम केलं असं त्यांना कळेल ना?

मला शाळेत जायचं आहे. मी रोज टेबलाशी बसते आणि एकच पान लिहिते, अपूर्णांकाच्या भागाकाराचं. त्याच्या पुढच्या पानावर आईनं तारीख घातलेली नाही. पुढचं मला कळतं, मी वाचून बघितलंय, पण करत नाही. त्या पानाच्या चार वह्या भरल्या. शिंपीणकाकू वर आल्या की अभ्यास जोरात चाललाय म्हणतात.

बाबा रोज सकाळी टेबल पुसतात आणि तीन पेन्सिलींना टोक काढून ठेवतात. आईचं काम चालू राहिलं पाहिजे असं त्यांना वाटतं. मी शाळा म्हटलं तर ते हो म्हणतील आणि मग गप्प बसतील. ते आधीच गप्प असतात. खात्यानंच सांगितलं तर मी म्हटलं असं होणार नाही.

तुझे गुडघे कसे आहेत? उत्तर काकूंच्या पत्त्यावर पाठव.
तुझी,
मुंगी


१९ फेब्रुवारी

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

मावशी चालते, असं खात्यातल्या बाईंनी सांगितलं. तरी मी पहिल्या चाचणीचा अर्ज भरला आहे. सभागृहातली, घड्याळाची. तुम्ही इतकं लिहिलंत, म्हणून तुम्हाला खोटं कारण द्यावंसं वाटत नाही.

मुंगी घड्याळापुढे गोठते हे मला माहीत आहे. म्हणूनच ती निवडली. तेवीसच्या खाली आली तर खातं परवानगी काढून घेईल आणि तिला शाळेत जावं लागेल. तिच्याभोवती मुलं असतील. संध्याकाळी मी घरी येतो तेव्हा ती ज्या खुर्चीत सकाळी होती त्याच खुर्चीत असते. ते बघून मला वाईट वाटायला हवं. मला काहीच वाटत नाही. चप्पल काढतो आणि दिवा लावतो.

पण शाळेत घालू या असं मी माझ्या तोंडानं म्हणू शकत नाही. ही मुलीच्या आईची चार वर्षांची मेहनत. शेवटच्या आठवड्यातही ती पडल्या पडल्या मुंगीच्या वह्या तपासत होती. ते सगळं बंद करणारा मला व्हायचं नाही. मुंगीलाही घरीच राहायचंय. न सांगता नऊला बसते, एक दिवस चुकवत नाही. तिला मी काय सांगणार?

अर्जाचं पाकीट दाराजवळच्या खुंटीला अडकवलंय. अजून टाकलेलं नाही. रोज जाताना दिसतं.

तुम्ही रागावलात तरी पत्र पाठवा.
आपला,
काचवाला


२४ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
मावशीचे पोटभर आशीर्वाद.

त्या शंभर मुलांचं गणित मला येतं, पण मी ते तुला सोडवून देणार नाही. तुझ्या बाबांना काय हवंय ते तू त्यांना विचारलेलं नाहीस. उत्तर तुझंतूच लिहून टाकलंस. शाळेतल्या मुलांना मी यावर शून्य द्यायची.

तुझं गुपित माझ्याकडे राहील. मी बाबांना सांगणार नाही, कारण ते वाक्य तुझं आहे. सांगायला जमलं नाही तर नाही जमलं, त्याचा धसका घेऊ नकोस. गुडघे तसेच आहेत.
तुझी,
मावशी


२४ फेब्रुवारी

श्री. भाऊजी यांस,
स. न. वि. वि.

ते पाकीट फाडा. मी रागावलेली नाही. रागवायला मी जागेवर हवी, इथून काय उपयोग. पण लेकराला हरायला बसवून आपण मोकळं व्हायचं, हे तुमच्यासारख्या माणसाला शोभत नाही. ती पडली तर खातं एक शिक्का मारून विसरून जाईल. ती विसरणार नाही. आपल्या आईनं शिकवलेलं कमी पडलं, असं ती जन्मभर धरून बसेल.

दुसरी चाचणी भरा, इयत्ता तिच्या वयाची लिहा. मी बारा मार्चला येते. मुंगीला काय हवंय ते तुम्हाला माहीत आहे, असं तुम्ही दोन ओळींत लिहून मोकळे झालात. विचारलंत का? याहून जास्त मी काही बोलणार नाही, आणि माझ्याकडून काढूही नका.

ताईचं ऐकायची सवय मोडू नये.
ताई


२० मार्च

श्री. भाऊजी यांस,
स. न. वि. वि.

सुखरूप पोचले. गाडीत जागा मिळाली. मुंगीच्या उत्तरांचं सीलबंद पाकीट चाचणी संपली त्याच दिवशी नोंदणी टपालानं रवाना केलं, पावती सोबत जोडली आहे.

तिची उत्तरं मी पाहिली नाहीत. तसं लिहून सही दिली आहे, त्यामुळे विचारू नका. एवढंच सांगते की मुलगी दोन्ही दिवस सरळ बसली होती. पहिल्या दिवशी पेन्सिल हातात धरून बराच वेळ नुसतीच बसली. मग एकदा माझ्याकडे बघितलं. मला डोळ्यांनीही काही बोलायची परवानगी नव्हती, म्हणून मी खिडकीकडे बघत राहिले. थोड्या वेळानं पेन्सिल चालल्याचा आवाज यायला लागला.

दुपारी ती काकूंकडे गेली तेव्हा मी बहिणीचं कपाट उघडलं. तिनं मुलीसाठी हातानं लिहिलेली पानं वाचली. मी तीस वर्षांत एकाही वर्गाला इतकं नीट शिकवलं नाही. हे तिला सांगायला हवं होतं. तुम्हाला सांगतेय.

तुम्ही तिला अजून विचारलेलं नाही, हे मला दोन दिवसांत दिसलं. असो.

आहे तशी माया ठेवा.
ताई


२२ एप्रिल

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

काल निकाल आला. गणितात शंभरातली एक्याऐंशी मुलं मुंगीच्या मागे आहेत, भाषेत एकोणनव्वद. परवानगी आणखी एका वर्षानं वाढवली आहे.

कारखान्यातून आलो तेव्हा पाकीट टेबलावर होतं. मी उभ्यानंच वाचलं आणि तिला सांगितलं. छान झालं, असंही म्हणालो. तिनं कागद हातात घेतला, दोनदा वाचला, आणि रडायला लागली. ताई, आई गेली तेव्हा ती रडली नव्हती. तुम्हीच मला विचारलं होतंत, पोर रडली का. काल रडली ती थांबेचना. काय झालं ते विचारलं. तर म्हणाली, "बाबा, मला शाळेत जायचं होतं."

मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलो. मी म्हटलं, "मलाही तेच हवं होतं."

मग तिनं सगळं सांगितलं. ठरवून चुकायचं होतं म्हणे. पण चुकीचं उत्तर निवडायलाही आधी बरोबर उत्तर काढावं लागतं, आणि ते एकदा दिसलं की दुसऱ्यावर खूण करवत नाही. त्या चार वह्याही तिनं आणून दाखवल्या. मी एकेक पान उलटत गेलो. सगळी सारखी, सगळी बरोबर. मीही तिला त्या पहिल्या अर्जाचं सांगितलं. ते सांगणं सगळ्यात जड गेलं. तिनं विचारलं, मी घाबरून नापास झाले असते तर तुम्हाला बरं वाटलं असतं का. मी म्हटलं, मला सध्या बरं किंवा वाईट असं काही नीट वाटत नाही. ती म्हणाली, मलापण. ताई, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि ती अकरा वर्षांची पोर माझ्या शेजारी तेच घेऊन बसली होती.

तुम्हाला दोन्हीकडचं ठाऊक होतं आणि तुम्ही गप्प राहिलात. काल रात्री त्याचा थोडा राग आला. राग आला, हेच बरं वाटलं.

सोमवारी शाळा बघायला जातोय. वरचेवर पत्र पाठवत राहा.
आपला,
काचवाला


९ जून

ती. मावशीस,
शि. सा. न.

आज शाळेचा पहिला दिवस झाला. वर्गात अडतीस मुलं आहेत आणि खूप आवाज असतो. खिडकीकडचा बाक मिळाला. डब्याच्या सुट्टीत एक मुलगी शेजारी येऊन बसली. ती बोलली नाही आणि मीपण नाही, पण उद्या परत बसू असं तिनं जाताना सांगितलं. बाबा सोडायला आले होते. फाटकाशी खूप वेळ उभे होते. मग कामाला उशीर होईल म्हणून मीच त्यांना जायला सांगितलं.

बाईंना नोंदवहीत सगळ्यांचं लिहायचं होतं. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी विचारलं, आधी कोणत्या शाळेत होतीस. मी म्हटलं, आईच्या. मुलं हसली. बाईंनी माझ्याकडे बघितलं, तेवढंच लिहून घेतलं, आणि पुढचं नाव पुकारलं.

सुट्टीत ये. तोवर माझी आठवण काढत राहा.
तुझी,
मुंगी