बर्फात वाचलेली टोमॅटोची रोपं

आईस, दूर दक्षिणेच्या कोयाइकेहून तुझ्या मिरेयाचा प्रेमाचा नमस्कार.

माझा खोकला बराच कमी आहे, काळजी करू नकोस. बाबांचे गुडघे कसे आहेत?

तू दिलेलं टोमॅटोचं बी मी दुधाच्या रिकाम्या डब्यांत पेरून चुलीजवळच्या खिडकीत ठेवलं. सासूबाई हसायच्या, "इथं बटाट्याशिवाय काही येत नाही, सूनबाई. जरा ऊन पडलं की फसतेस तू!"

रोपं बोटभर झाली आणि इथल्या ऐन वसंतात, ऑक्टोबरात, बर्फ पडला. मी तापानं झोपून होते. तुझा जावई लाउतारो मेंढ्यांची लोकर कापायला लांब गेलाय. रस्ते बंद असल्यानं त्याचा निरोप नाही, पण येईल. सकाळी उठून पाहते तर चूल विझलेली आणि खिडकी रिकामी. रोपं मेली म्हणून सासूबाईंनी फेकली असणार, असं वाटून मला रडूच कोसळलं.

"रडतेस काय? आधी चूल पेटव," त्यांनी आतून हाक मारली.

त्या पलंगाच्या कडेला अवघडून बसल्या होत्या. अंथरुणात, त्यांच्या घोंगडीखाली, गरम पाण्याच्या बाटल्यांना टेकून सगळे डबे होते. रोपं हिरवीगार!

"आईला लिही," त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळी मिरचीचंही बी पाठवा म्हणावं."

तेवढं पाठवशील ना?

तुझीच,
मिरेया