माझ्या प्रतीतली दुरुस्ती

आषाढ वद्य पंचमी, मंगळवार. पोलादपूर

जपाला बसलो, पण माळ पुढे सरकेना.

दुपारी कशेडी घाटापलीकडच्या वाडीतून सुमनताईंचा फोन आला. तिथला पाऊस त्या मोजतात, इथला मी. पावसाचा आकडा भरला की धोक्याच्या वेळी भोंगा वाजवणारं आमच्याकडचं सॉफ्टवेअर त्यांना मीच सुचवलं होतं.

"भाऊ, काल रात्री दोनशे मिलिमीटरच्या वर पाऊस भरला तरी भोंगा गप! दरड आली, गोठा गेला. शेजारच्या म्हातारीनं आरडून उठवलं नसतं तर आम्ही नाय वाचत. तुमचा वाजतो, आमचाच मुका कसा?"

"आकडा मराठी अंकांत भरलात का?"

"मग काय इंग्लिशमधी? शाळेत हेच शिकवलं ना!"

मराठीत २१० लिहिलं की ते सॉफ्टवेअर शून्य धरतं. मला हे दोन पावसाळ्यांपूर्वीच कळलं होतं. सॉफ्टवेअरचा कोड सगळ्यांना खुला आहे, मूळ लिहिणाऱ्यांना दुरुस्ती पाठवता आली असती. मी आमच्यापुरती वेगळी प्रत काढली, चार ओळी बदलल्या आणि गप्प बसलो. इंग्रजीत लिहायची लाज वाटली. लाजच होती ना? की आपलं भागलं, एवढंच?

ताईंना सगळं सांगितलं. त्या हळूच म्हणाल्या, "म्हंजे तुम्हाला ठावं होतं."

शून्य. दोनशे दहाचं शून्य. ती म्हातारी गाढ झोपलेली असती तर?

आत्ताच मोडक्या इंग्रजीत दुरुस्ती पाठवायला बसलो. फॉर्ममध्ये एक रकाना होता: ही चूक पहिल्यांदा कधी दिसली? बोटांनी आपसूक आजची तारीख टाकली. ती खोडून दोन वर्षांपूर्वीची घातली, मग पाठवलं.