बिनपावतीचा कोट

१४ ऑक्टोबर १९९६, सोमवार

मी, ऑर्बिन स्टॅम्पर, वय एकोणऐंशी, शिक्षण इयत्ता चौथी, निवृत्त खाणकामगार, कैलासवासी व्हेस्टा स्टॅम्पर हिचा पती, राहणार क्रॅबट्री खिंड, केंटकी, येथे नमूद करतो की आज मला सरकारने खोटारडा ठरविले!

तो शब्द पत्रात नाही. पत्रात असे आहे — दान केलेल्या वापरलेल्या वस्तूंबद्दल मागितलेली वजावट मान्य करता येत नाही, कारण पावती जोडलेली नाही. अर्थ तोच.

गेल्या वर्षी व्हेस्टाच्या इस्पितळाचा खर्च फार झाला. म्हणून माझी मुलगी नॅडीन हिने कराचे विवरण तपशीलवार भरले, आणि तिच्या आईचे जे सामान आम्ही दिले तेही त्यात लिहिले. कपडे, शिवणयंत्र, दोन गोधड्या, हिरवा लोकरी कोट. किमती मी सांगितल्या. जुन्या बाजारात जे आले असते तेवढेच. सर्व सामान मी स्वतःच्या हाताने पेट्रोल पंपामागच्या लोखंडी दानपेटीत टाकले. त्या पेटीपाशी माणूस नसतो. पावती कोण देणार — पेटी?

नॅडीन म्हणाली, "बाबा, सोडून द्या ना. सगळेच तिथं काहीबाही लिहितात. म्हणून ते सगळ्यांनाच चोर समजतात."

सगळे लिहीत असतील. मी लिहिले नाही.

१५ ऑक्टोबर

कर कचेरीत फोन केला. बाई तरुण होती, बोलणे गोड.

"मिस्टर स्टॅम्पर, सामान टाकताना कुणी पाहिलं होतं का?"

नाही.

"मग ते आता ज्याच्याकडे आहे त्यानं लिहून दिलं, तरी मी विचार करीन. पण रक्कम एवढीशी आहे! कशाला मनाला लावून घेता?"

मी तिला सांगितले की कोळशाच्या धुळीने छाती गेली त्याच्या भरपाईच्या खटल्यात खाण कंपनीच्या वकिलांनी मला दिवसभर उलटसुलट पिळले, तेव्हाही माझा एक शब्द हलला नाही. ती म्हणाली, "हो का?" हो.

२० ऑक्टोबर, रविवार

तोंडात रक्त आहे, तरीही नीट अक्षरात लिहीत आहे.

चर्चमध्ये माझ्या पुढच्या बाकावर ओनेडा स्लोन बसली होती. तिच्या अंगात व्हेस्टाचा कोट. शंका नाही. त्याच्या गुंड्या मी घोड्याच्या साजाच्या मेणदोऱ्याने शिवल्या होत्या.

आमच्या खिंडीत एक रीत आहे. पेटीतून आलेले वस्त्र कुणाच्याही अंगावर ओळखायचे नाही. पहाटे लोक त्या पेटीत कमरेपर्यंत वाकलेले असतात. वाटेने जाणारा मान वळवितो. खाण बंद झाल्यापासून तर फारच. व्हेस्टाला एकदा तिचाच झगा एका पोरीच्या अंगावर दिसला, तर ही खिडकीबाहेर पाहत बसली. मला रीत ठाऊक आहे. परंतु रीत मोठी की खरे मोठे?

प्रार्थना संपल्यावर मी ओनेडाला पायरीवर गाठले. टोपी काढली. सभ्यपणे म्हणालो, "ओनेडा, हा कोट व्हेस्टाचा. मी पेटीत टाकला होता, तो तू घेतलास. एवढे मला एका कागदावर लिहून दे."

अंगणात बायका जेवणाची भांडी मांडीत होत्या. हात थांबले. ओनेडाने कोटाची कॉलर मुठीत धरली. तिची दोन पोरे शेजारी उभी होती.

तिचा नवरा गार्लंड पुढे आला. "काय म्हणालास रे म्हाताऱ्या? माझी बायको पेटीतलं घालते?"

"होय. त्यात गुन्हा नाही."

त्याने ठोसा मारला. दोन दात गेले. मी काठी घातली. त्याचा कान फाटला. मग त्याने मला पायरीवरून खाली ओढले आणि गुडघा छातीवर देऊन मारीत राहिला. शेवटी पाळक बंधू एस्टिल आणि आणखी दोघांनी मिळून त्याला उचलले. बटाट्याच्या कोशिंबिरीचे पातेले उपडे झाले. एक पोर त्यातले वेचून खात होते.

२१ ऑक्टोबर

मक्याच्या पिठाची पेज. तीही दुखते.

२३ ऑक्टोबर

गार्लंडने भरदुपारी ट्रक माझ्या दारासमोर लावला. मागच्या फळीवर तेलाचे पिंप. व्हेस्टाचा कोट मला दिसेल असा उंच धरला, पिंपात कोंबला, रॉकेल ओतले, काडी लावली.

"घे तुझी पावती!" तो ओरडला. "घे, म्हाताऱ्या! धूर मोजून घे!"

ओनेडा ट्रकमध्ये बसली होती, पातळ पोलक्यात. समोर पाहत. थंडी बरीच होती. गार्लंड जाताना माझी टपालपेटी बंपरने उडवून गेला.

लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो. तो घरात शिरला आहे.

२४ ऑक्टोबर

माझा कुत्रा टिप मेला. झऱ्यापाशी सापडला. मानेत छर्रे. तो कुणाच्या अध्यात नव्हता, मध्यात नव्हता!

पुरले. मग बंदूक घेतली. स्लोनच्या फाटकाशी उभा राहून हाक मारली — "गार्लंड स्लोन! मी तुझ्या ट्रकवर गोळ्या झाडणार आहे. पोरांना आत घे." सांगितल्यावाचून गोळी झाडणारा मी नव्हे. पोरे आत गेली. एक गोळी इंजिनात, एक काचेत, एक चाकात. वाफ फुसफुसत वर आली.

गार्लंड दारात आला. फाटक्या कानावर पट्टी. शांतपणे म्हणाला, "ऑर्बिन, तो ट्रक म्हणजे माझं शेवटचं धड असलेलं काहीतरी होतं."

मी म्हणालो, "माझा कुत्राही."

२७ ऑक्टोबर, रविवार

चर्चला गेलो नाही. बंधू एस्टिल स्वतः आले. कॉफी दिली. त्यांनी कपाला हात लावला नाही.

"बंधू ऑर्बिन, काठी लागली ती गेली बाजूला. तुम्ही गार्लंडला त्याच्या पोरांसमोर नागवं केलंत."

"मी खरे बोललो."

"बोललात. आणि व्हेस्टा? व्हेस्टानं कधी खरं बोलून कुणाला उघडं पाडलं होतं का?"

मी उभा राहिलो आणि दार उघडून धरले. ते गेले. माझ्या घरात बसून माझ्या पत्नीचे नाव माझ्याविरुद्ध साक्षीला काढतात! ती कॉफी मी ओतून दिली. नंतर कप बराच वेळ घासत राहिलो.

३१ ऑक्टोबर

नॅडीनला ओनेडा दुकानात भेटली. डावा हात कोपरापासून प्लास्टरमध्ये. एक डोळा मिटलेला. गार्लंडने तिला केसांना धरून परसातून फरफटत नेले, असे शेजारीण म्हणते. कशासाठी? तर तिने तो कोट पेटीतून आणलाच का म्हणून. आणला तेव्हा तोच पेटीची झडप धरून उभा होता, हेही शेजारीण म्हणते.

नॅडीनने पिशव्या टेबलावर आपटल्या. "झालं समाधान? हात मोडला तिचा. तुमच्या त्या पावतीपायी, बाबा!"

"हात मी मोडला नाही."

"नाही. तुम्ही काय, नुसतं खरं बोललात."

ती जेवायला थांबली नाही. मोटार सुरू झाल्याचे ऐकले.

तिचे शेवटचे वाक्य मी येथे उत्तर लिहिण्यासाठी उतरवून घेतले होते. उत्तर अजून लिहिलेले नाही.

२ नोव्हेंबर, शनिवार

ओनेडा आली. डोंगर चढून, पायी, कागदी पिशवीत चार कपडे घेऊन. पोरांना सकाळी तिच्या आईकडे पोचविले होते. टेबलाशी बसली आणि म्हणाली, "ऑर्बिनकाका, कागद आणा. उजवा हात धड आहे माझा. लिहून देते. शपथेवर देते. बघू मग काय करतो तो."

कागद घरात होता. पेनही होते. सरकार गप्प झाले असते.

"मला ठाऊक होतं कोट कुणाचा ते," ती म्हणाली. "व्हेस्टाकाकूंचा होता म्हणूनच घेतला. खिशात त्यांची खोकल्याची गोळी राहिली होती. ती मी खाल्ली, काका. चर्चमध्येच. तुम्ही मागं बसला होतात."

मी तिला सांगितले की लिहून देण्याची आवश्यकता नाही.

"अहो, पण त्याच्याचसाठी तर एवढं —"

"आवश्यकता नाही. जेवून घे."

घेवडा होता, मक्याची भाकरी होती, कांदा. तिला एका हाताने भाकरी मोडता येईना. मी मोडून दिली. व्हेस्टाची खोली तिला दिली. मला क्षमा मागावयाची होती. मी तिला आणखी एक पांघरूण दिले.

३ नोव्हेंबर, रविवार

जे घडले ते क्रमाने लिहितो.

सगळी खिंड चर्चमध्ये असते त्या वेळेस गार्लंड आला. प्यालेला होता. मी दार उघडले नाही. त्याने कुऱ्हाडीने फळी फोडली, हात आत घालून कडी काढली.

"कुठंय ती? बोल म्हाताऱ्या! कागद लिहून घेतलास ना? दाखव!"

मी म्हणालो की कागद लिहून घेतलेला नाही. ते खरे होते. त्याचा विश्वास बसला नाही.

त्याने कुऱ्हाडीचा दांडा माझ्या बरगड्यांत घातला. मी पडलो. तो पुन्हा पुन्हा घालीत राहिला. आत काहीतरी ओल्या फांदीसारखे मोडले. मग मानेवर बूट ठेवून त्याने पाते माझ्याकडे फिरविले. त्याच्या तोंडाला मक्याच्या दारूचा वास होता आणि तो रडत होता. "माझी पोरं आता माझ्याकडं बघत नाहीत," तो म्हणाला. "तुझ्यामुळं. बघत नाहीत रे ती." आणि कुऱ्हाड डोक्यावर उचलली.

ओनेडाने माझी बंदूक खोलीतून आणली होती. तिने नळी टेबलाच्या कडेवर टेकविली, दस्ता प्लास्टरच्या हाताने दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने चाप ओढला. एकदाच.

तो माझ्या पायांवर पडला. जड होता. तिने मला ओढून काढले.

"काका, तो उठेल का हो?"

"नाही."

ती जमिनीवर बसली. "डेन्व्हर मला सोडायचा नाही. पोरांनाही नाही." डेन्व्हर म्हणजे गार्लंडचा थोरला भाऊ. स्लोन मंडळी कोर्टाच्या निकालाची वाट पाहत नाहीत. त्यांचे शेत तिच्या आईच्या घराला लागून आहे. मी म्हातारा आहे, छातीत धूळ आहे, आणि माझे वैर त्यांना मान्य आहे. ते चर्चच्या अंगणात सर्वांसमोर लागलेले आहे; गोळी माझी ठरली तर सूड माझ्यापाशीच थांबेल.

मी तिच्या हातातून बंदूक घेतली. ती सोडीत नव्हती. बोटे एकेक करून सोडवावी लागली.

खरे काय ते एका ठिकाणी तरी लिहिलेले असावे, म्हणून हे पान.

४ नोव्हेंबर, सोमवार

मी, ऑर्बिन स्टॅम्पर, वय एकोणऐंशी, याने आज इस्पितळाच्या खाटेवरून शपथेवर सांगितले की गार्लंड स्लोनवर गोळी मी झाडली. ओनेडा त्या वेळी झऱ्यावर पाणी आणावयास गेली होती. हे माझे पहिले खोटे विधान. शेरीफ टॅकेट यांनी बंदूक पाहिली नाही, झऱ्याची वाट पाहिली नाही, प्रतिप्रश्न केला नाही. वही मिटली आणि म्हणाले, "तुमचा शब्द म्हटल्यावर पुरावा कशाला हवाय, ऑर्बिनकाका?"

उपस्थित साक्षीदार: शेरीफ लॉईड टॅकेट. बंधू एस्टिल, पाळक. माझी मुलगी नॅडीन, जिने माझा हात धरला होता. ओनेडा स्लोन.