दोन बोअरांमधलं अंतर

प्रिय बंड्या,

ताईचं अक्षर पाहून तू कपाळाला आठ्या घालशील, पत्र बाजूला ठेवशील आणि चहा झाल्यावर मुकाट उघडशील. आईचा गुडघा आता बरा आहे. तू तिला फोन करतोस आणि मी खोलीत आले की 'ठेवतो' म्हणतोस, ते कळतं मला.

हॉस्पिटलचं ते काम. सहा मजली इमारत जमिनीतल्या उबेवर चालवायची, बॉयलर बंद. आराखडा माझा, बोअर तुझे. साठ बोअर, दीडशे मीटर खोल. आतल्या पाइपांतलं पाणी जमिनीची ऊब घेऊन वर येणार, हीटपंप ती वाढवून वॉर्डांत सोडणार. पहिल्या हिवाळ्यात मेट्रनबाई बिनस्वेटरच्या फिरत होत्या. मी हवेत होते.

तिसऱ्या हिवाळ्यात वॉर्ड गार पडले. लहान मुलांना दोन-दोन ब्लँकेटांत गुंडाळलेलं पाहिलं. चौकशीत आमच्या ऑफिसच्या साहेबांनी कारण विचारलं. मी म्हणाले, "बोअरमधली पाइपांभोवतीची भराई कच्ची राहिली असेल." त्यांनी 'राहिली आहे' असं लिहून घेतलं. मी दुरुस्त केलं नाही. बॉयलर पुन्हा पेटला आणि तुला कामं मिळेनाशी झाली. तू मशीन विकून दुसऱ्याच्या हाताखाली राबायला गेलास.

बंड्या, काम सुरू होण्याआधी तू मोजपट्टी घेऊन माझ्या टेबलाशी आला होतास. "ताई, चार मीटर म्हणजे फारच जवळ. एकमेकांची ऊब पळवतील." मी हसले. "तू भोकं पाड, गणित माझ्यावर सोड." पार्किंगची जागा वाचवायला अंतर मीच कमी केलं होतं. चौकशीत तू हे एका वाक्यात सांगू शकला असतास. समोर बसून नुसता माझ्याकडे पाहत राहिलास. मीच मान खाली घातली.

गेल्या आठवड्यात ऑफिसने ती भराई तपासली. दगडासारखी पक्की निघाली. साहेब म्हणाले, "जुनं प्रकरण आहे, जाऊ द्या." आज सकाळी मी सगळं लिहून दिलं, सोबत राजीनामा. नवे बोअर लांब अंतरावर मारायचे आहेत. उद्या त्या कामासाठी तुला ऑफिसातून फोन येईल. हो म्हण, नाही म्हण, मी तिथे नसेन. पण त्यांच्याकडून कळण्याआधी हे माझ्याकडून कळावं: तुझं काम चोख होतं. चूक माझी होती, आणि त्या चौकशीत बोलतानाही मला ते माहीत होतं.

तुझीच म्हणवून घ्यायला कचरणारी,
ताई