चौकातली प्रीती

शहागड, ४ ऑगस्ट २०२५

चि. राजानंद यास जयभीम व आशीर्वाद.

वि. वि. आम्ही इकडे खुशाल न्हाई. फोनवर बोललो असतो तर तोंडातून शिवी गेली असती, म्हणून पत्र.

तुझी पुतणी पोलीस भरतीत पळताना पडली, ही गोष्ट घरातल्या घरात होती. तू जालन्याहून येऊन चौकात फ्लेक्स लावून गेलास, ‘प्रीती, चिअर अप! नेव्हर गिव्ह अप!’ वर तिचा फोटो, खाली शुभेच्छुक म्हणून गॉगल घातलेला तू, तिच्याहून मोठा. काल मी ट्रकखाली नट सोडून राह्यलो होतो, वर दोन ड्रायव्हर फ्लेक्स वाचून राह्यले होते. एक म्हणला, पोरगी नापास झालेली दिसती. पास झालेल्याला कोण असं म्हणतं?

तेव्हापासून पोरगी उंबरा ओलांडीना. पुढली भरती तोंडावर आली अन् पळायचे बूट दारात धूळ खाऊन राह्यले. ती त्याच चौकातून पळायची, बाबा!

तू दहावीत नापास झालास तेव्हा मी बोर्ड लावला होता का? गोदावरीच्या काठी बसून भजे खाल्ले आपण, एक शब्द न बोलता. फ्लेक्स जल्दी काढ. न्हाई तर माझी पायरी चढू नको.

तुझा दादा,
तातेराव

मस्तगड, जालना, ७ ऑगस्ट

ती. दादांस सविनय जयभीम.

पत्र वाचून घरच्यांनीही मलाच झापलं. दादा, माझ्या क्लासात असं इंग्रजी म्हणलं की पोरं टाळ्या वाजवतात. आपल्या पोरीला मराठीत काय म्हणावं ते मला सुचलंच न्हाई. सतरा तारखेला शिडी घेऊन येतो. प्रीतीला सांगा, की काका... न्हाई, काहीच सांगू नका.

रागवा, पण लोभ कमी करू नका.

राजानंद

शहागड, १२ ऑगस्ट

चि. राजानंद यास जयभीम.

शिडी आणू नको. तुझं पत्र वाचून प्रीती उठली, आपल्या गॅरेजातली शिडी घेतली अन् भर दुपारी चौकात गेली. मी धरायला गेलो तर म्हणली, पप्पा, बाजूला व्हा. वर चढून विळ्यानं दोऱ्या कापल्या. एका ड्रायव्हरनं टाळी वाजवली. तिनं असं बघितलं, की दुसरी टाळी काही झाली न्हाई.

फ्लेक्स आता शेळ्यांच्या छपरावर आहे, अक्षरं खाली. थेंब गळत न्हाई. तेवढं काम तुझ्या इंग्रजीनं बराबर केलं. शेळ्या तुझा गॉगल बघत बसतात.

माझा राग गेला न्हाई. ये, भजे खाऊन बघू जातो का. लोभ आहेच; इंग्रजी मस्तगडला ठेवून ये.

तुझा दादा

ता. क. आज उजाडता बघितलं, दारात बूट नव्हते.