पलीकडचा कागद

३ जून
त्या सकाळी दूध तापवलं, ओटा पुसला, ह्यांचा सदरा दोरीवर घातला आणि आत येऊन बघते तर हे खुर्चीत बसल्या बसल्याच गेलेले. त्यानंतरची दोन वर्षं मी सगळ्या सकाळी नुसत्या ढकलल्या. आज मात्र वेळेआधी उठून नीट वेणी घातली. नोकरी लागली. गणिताची कोष्टकं छापणाऱ्या कचेरीत भागाकार करायचे. साहेबांनी शिक्षण विचारलं. सातवी, म्हटलं, पुढचं वाचनालयात. हसून म्हणाले, आमच्या पदवीधरांपेक्षा बरं.

एक बारा अंकी संख्या आहे. ती मूळ आहे का, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला कुणाचाच पूर्ण भाग जात नाही का, हे बघायचं. दहा लाखांच्या आतल्या एकेका मूळ संख्येने भागून बाकी लिहायची. निम्मं काम आधीच्यांनी केलंय. एकदा का बाकी शून्य आली की संख्या बाद आणि नोकरीही.

भिंतीवर जुना नियम लावलाय: प्रत्येक भागाकार दोघांनी, वेगळ्या खोल्यांत, न भेटता करावा. संध्याकाळी मधल्या भिंतीच्या फटीतून पलीकडचा कागद येतो. ताडून दोन्ही साहेबांच्या टेबलावर ठेवायचे.

१९ जून
आजचे तीसच्या तीस भागाकार जुळले. पलीकडे खुर्ची सरकते, कोणी खाकरतं. घरी भांडं पडलं तरी मीच पाडलेलं असतं. इथे दुसऱ्या कुणाची चाहूल आहे, बरं वाटतं. वाचनालयात वाचलं की अकरा-तेरा, सतरा-एकोणीस या जुळ्या मूळ संख्या. एवढ्या जवळच्या, तरी मध्ये एक परकी संख्या असतेच. आमची भिंत तशीच.

२ जुलै
पलीकडे कोण बसतं, साहेबांना सहज विचारलं. त्यांना थट्टा वाटली. ती खोली सहा वर्षं कुलूपबंद आहे. म्हणाले, दोन्ही कागद तुमच्याच अक्षरात असतात, बाई. एकटीने दोनदा करता, म्हणून मी घरी तुमचं कौतुक सांगतो.

कागद शेजारी शेजारी ठेवले. सातची शेपटी, चारचं डोकं. माझंच.

५ जुलै
मी थांबले की पलीकडची लेखणी थांबते. मी उठले की — पलीकडे खुर्ची सरकते.

तरी रविवारी घरी करमलं नाही.

८ जुलै
बाकी शून्य आली. तीनदा केलं. शून्यच.

म्हणजे संख्या मूळ नाही. म्हणजे उद्यापासून घर. ह्यांची ती खुर्ची —

फटीतून कागद आला. त्याच भाजकापुढे बाकी एक. खाली, पहिल्यांदाच, शब्द: "जाऊ नकोस. मलाही शून्यच आली होती."

९ जुलै
शून्य खोडून एक लिहिला. कागद जुळले. साहेबांनी सही केली.

पलीकडच्या दाराला आज कुलूप नव्हतं; आत कुणीच नव्हतं. माझी खुर्ची उचलून आत नेली, दार लावून घेतलं आणि पुढचा भाजक मांडला. बाकी —